कायमचा कामापुरता मामा

एका जंगलात सगळं बरं चाललं होतं. म्हणून तिथे एक सल्लागार आला.

मुलांनो, सल्लागार म्हणजे काय ते तुम्हाला मोठेपणी कळेल. तूर्तास एवढंच धरून चाला की तो एक करकोचा होता. लांब पाय, लांब मान, बोलताना डोळे अर्धे मिटलेले. थंडी पडली की परदेशातून यायचा आणि ऊन तापायच्या आत उडून जायचा. त्यानं सांगितलेलं चुकलं, हे लोकांच्या लक्षात यायचं तोवर तो दुसऱ्याच देशात पोचलेला असायचा.

त्या जंगलात एक सिंहही होता. पण त्याचं या गोष्टीत काही काम नाही. तो झोपलाय, त्याला झोपू द्या.

तर पूर्वी तिथली रीत अशी होती, की ज्याला जे लागेल ते त्यानं आपलं आपण शोधावं. माकडाला पाठ खाजवून हवी असली की ते दुसरं माकड शोधायचं. खारीला बी फोडायला दगड लागला की ती दगड शोधायची. आणि न्यायाधीश कमठराव होते, त्यांना आठवणकरी लागायचा.

कमठराव म्हणजे कासव. कासव सगळ्यांत जास्त जगतं, म्हणून त्यांना न्यायाधीश केलं होतं. पुन्हा पुन्हा नवा नेमायची कटकट नको. बाकी माणूस, म्हणजे कासव, सज्जन होतं, पण विसराळू. खटला ऐकता ऐकता त्यांना डुलकी लागायची, आणि जागे झाले की कोण काय बोललं त्याचा पत्ता नसायचा. म्हणून प्रत्येक खटल्याला ते शेजारच्या फांदीवर जो बसला असेल त्याला म्हणायचे, "ए बाबा, जरा ऐकत बस, मग मला सांग." तो बिचारा ऐकायचा, सांगायचा, आणि खटला संपला की आपल्या वाटेनं जायचा. यात कुणाला काही चुकतंय असं वाटत नव्हतं. अडाणी जंगल, दुसरं काय.

करकोच्यानं हे पाहिलं आणि कपाळावर पंख मारला.

"ज्याला जे लागतं ते त्यानंच शोधायचं?" तो म्हणाला. "ही वणवण बंद करा. एक कोठी काढा. काय लागतं ते कोठीच्या दाराशी एकदाच सांगायचं. शोधायचं नाही. मिळेल."

कोठी काढली. एका जुन्या वडाचं खोड आतून पोकळ होतं, त्याला पुढून एक दार, मागून एक दार. कारभारी म्हणून साळिंदर नेमलं. त्याचं नाव काटेकर. अंगभर काटे असल्यामुळे कुणी त्याच्या फार जवळ जात नसे, आणि कोठीवर असाच कुणीतरी लागतो.

सगळे जमले तेव्हा मागून अस्वलानं विचारलं, "मिळालेलं परत कधी द्यायचं?"

करकोचा एका पायावर उभा राहून विचार करू लागला. येताना तो एका गावच्या तळ्यावर उतरला होता. तिथे दोन बायका धुणं धूत होत्या, आणि त्यांतली एक आपल्या जावेबद्दल सांगत होती : "तिचं काय विचारतेस, कामापुरता मामा आणि ताकापुरती आजी." करकोच्याच्या देशात अशी म्हण नव्हती. त्याला वाटलं, हा त्या गावचा कायदा आहे. आणि खरं सांगायचं तर इतका सुटसुटीत कायदा त्यानं कुठेच ऐकला नव्हता.

"तीन प्रकार करा," तो म्हणाला. "पहिला, कायमचा. तो सगळ्यांना मिळून एकच, आणि जंगल आहे तोवर तो आहे. दुसरा, कामापुरता मामा. ज्यानं मागवला त्याच्याजवळ राहायचं, त्याचं काम संपलं की मामा मोकळा. तिसरी, ताकापुरती आजी. दर खेपेला नवी. एक घोट दिला की ती गेली."

प्राणी एकमेकांकडे बघू लागले. ही म्हण कुणाबद्दल आणि कुठल्या तोंडानं बोलतात, ते तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. पण परदेशी विद्वानाची चूक काढणं बरं दिसत नाही. म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि म्हणीचा नियम झाला.

कमठराव कायम ठरले, ते तर होतेच. मामाच्या पायाला लाल दोरा बांधायचा आणि आजीच्या पायाला पांढरा. गाठ काटेकरनं मारायची आणि काटेकरनंच सोडायची. सोडली की मागच्या दारानं घरी. एवढं सांगून करकोचा पुढच्या जंगलाला शहाणं करायला निघून गेला.

आता आपला हिरोजी.

हिरोजी पोपट होता. एका उंबराच्या ढोलीत तो आणि त्याची बायको तुळसा राहायचे. तुळसा नुकतीच अंड्यांवर बसली होती. अंड्यांवर बसलेल्या पोपटिणीला दाणे आणून भरवायचं काम नवऱ्याचं असतं, आणि हिरोजी ते मनापासून करायचा. दाणा आणायचा, भरवायचा, आणि अंडी बरी आहेत ना, असं दर वेळी विचारायचा. तुळसा म्हणायची, "अहो, आत्ताच तर विचारलंत." त्याला एकच हौस होती. पिल्लं बाहेर आली की त्यांनी डोळे उघडून पहिल्यांदा आपल्याला बघावं.

एक दिवस सकाळी काटेकरचा निरोप आला. न्यायाधीश रावसाहेबांनी कोठीच्या दाराशी येऊन एक आठवणकरी मागितलाय, आणि आठवणीत पोपटासारखा कोण.

"किती वेळाचं काम आहे?" तुळसानं विचारलं.

"एकच खटला आहे. दुपारी येतो."

"येताना हरभऱ्याचे घाटे आणा. तोंडाला चव नाही."

"आणतो," हिरोजी म्हणाला, आणि उडाला.

काटेकरनं त्याच्या पायाला लाल दोरा बांधला, दुसरं टोक कमठरावांच्या पाठीवरल्या खुंटीला. खटला सोपा होता. माकडांनी तक्रार केली होती की, राखून ठेवलेला मध अस्वलानं खाल्ला. अस्वल नाही म्हणालं नाही. नाही म्हणून उपयोगही नव्हता, मध त्याच्या मिशांना लागलेला होता. तेवढ्यात कमठरावांना डुलकी लागली. जागे झाल्यावर त्यांनी विचारलं, "आठवण काय म्हणते?"

"मध अस्वलानं खाल्ला," हिरोजी म्हणाला.

"अस्वलानं संध्याकाळपर्यंत अंगठे धरून उभं राहावं," कमठराव म्हणाले. न्याय झाला. अस्वलानंही तक्रार केली नाही, मध चांगला होता.

हिरोजीनं पंख झटकले. "येतो मी, रावसाहेब."

"कुठे निघालात?"

"घरी. काम संपलं ना."

"कुणाचं?"

"आपलं. म्हणजे हे."

"हा खटला संपला," कमठराव शांतपणे म्हणाले. "माझं काम कसं संपेल? मी कायम आहे."

हिरोजीला वाटलं, म्हातारबुवा झोपेत बोलतायत. त्यानं काटेकरला हाक मारली. काटेकर आला, दोन्ही टोकांच्या गाठी तपासल्या आणि म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. ज्यानं मागवला त्याचं काम संपलं की मामा मोकळा. मागवला कुणी? रावसाहेबांनी. त्यांचं काम संपतं का?"

"पण मी कामापुरता मामा आहे," हिरोजी म्हणाला.

"आहातच की. कामापुरतेच आहात. काम कायमचं आहे."

"मग मी कायमचा झालो."

"छे, छे," काटेकर म्हणाला. "कायमच्यांना दोरा नसतो."

एखाद्याची अशी फजिती झाली की आपण म्हणतो, त्याचा पोपट झाला. हिरोजीच्या बाबतीत तसं म्हणायची सोय नव्हती.

आता तुमच्यातलं एखादं आगाऊ कार्टं विचारेल, पोपटाची चोच सुपारी फोडते, मग दोरा तोडून उडाला का नाही? मुला, दोरा तुटला असता. हिरोजीलाही ते माहीत होतं. एकदा त्यानं चोचीत धरूनही पाहिला. पण नियमात दोरा सोडायचा होता, तोडायचा नव्हता. हिरोजी चांगल्या घरातला होता. त्यानं दोरा खाली ठेवला आणि वाट बघू लागला. दुपार झाली, दुपार टळली, आणि तुळसाचे घाटे राहिले.

दुसऱ्या दिवशी खारीचा खटला आला. तिचं घरटं कुणीतरी पाडलं होतं. साक्षी झाल्या, डुलकी झाली. "आठवण काय म्हणते?"

मुलांनो, आठवण म्हणजे पाढ्यासारखी असते. मधूनच म्हणायला गेलं की अडखळायला होतं, पहिल्यापासून म्हणावा लागतो. शिवाय आठवणकऱ्याच्या डोक्यात फक्त आजचा खटला असतो, असंच सगळे धरून चालले होते. पूर्वी असायचाही, कारण पूर्वी तो दर वेळी नवा असायचा. हिरोजी मात्र कालचाच होता. त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली.

"मध अस्वलानं खाल्ला..."

"अस्वल," कमठराव म्हणाले. "समजलं. अंगठे धरून."

"रावसाहेब, पुढे आणखी आहे."

"गुन्हेगार सापडल्यावर पुढचं कशाला ऐकायचं?"

मग हेच चालू झालं. सशाची गाजरं गेली, अस्वल. मोराचं पीस उपटलं, अस्वल. ओढ्याचं पाणी आटलं, तेही अस्वल. एकदा अस्वल वाकल्या वाकल्या म्हणालं, "रावसाहेब, हे झालं तेव्हा मी इथेच अंगठे धरून उभा होतो. आपल्यासमोर."

"कुणी पाहिलं?"

"सगळ्यांनी."

"आठवण काय म्हणते?"

हिरोजीनं मान खाली घातली. "मध अस्वलानं खाल्ला," तो म्हणाला. काय करणार, त्याच्या डोक्यात पहिलं तेच होतं.

जंगलाला याची सवय झाली. सवय व्हायला काही लागत नाही. कोल्हा चोरी करायला जाताना अस्वलाजवळ थांबून "दादा, माफ करा हं" म्हणून जायचा. काही जण तर म्हणू लागले की, निकाल आता पूर्वीपेक्षा लवकर लागतात. ते खरंही होतं.

इकडे ढोलीत तुळसानं वाट पाहिली. भूक अनावर झाली तेव्हा ती अंडी झाकून धावत कोठीवर गेली. म्हणाली, मला दाणे आणून घालायला कुणीतरी द्या.

"किती काळ लागेल?" काटेकरनं विचारलं.

"आमचे हे येईपर्यंत."

"त्यांचं काही सांगता येत नाही. मग मामा देता येणार नाही, तो अडकून पडतो," काटेकर म्हणाला. बघा, एवढी अक्कल त्याला होती. "तुम्हाला ताकापुरती आजी देतो."

तेव्हापासून ढोलीच्या तोंडाशी दर खेपेला नवीन कुणीतरी यायचं. कधी बुलबुल, कधी होला, कधी तांबट. पायाला पांढरा दोरा. एक दाणा घालायचा, "येते हं" म्हणायचं आणि निघून जायचं. बुलबुलाचा नवरा आला तरी तोही "येते हं" म्हणायचा, कारण नियमाप्रमाणे तो आजी होता. पुन्हा तोच कधी आला नाही. तुळसाला कुणाशी दोन शब्द बोलता आले नाहीत. पोट भरत होतं, नाही असं नाही.

एक दिवस होला कोर्टाच्या फांदीवर येऊन बसला आणि हिरोजीला म्हणाला, "तुमच्या घरी परवा मी आजी म्हणून जाऊन आलो. पिल्लं छान आहेत. डोळे उघडलेत."

"डोळे उघडलेत?" हिरोजी म्हणाला.

"हो ना. मी गेलो तेव्हाच उघडले. मलाच बघितलं पहिल्यांदा."

होला साधा होता, त्यानं कौतुकानंच सांगितलं.  हिरोजीला फार वाईट वाटलं. तो पानाआड गेला आणि रडला, आणि लगेच बाहेर आला, कारण पुढचा खटला उभा होता.

अस्वलानं ते पाहिलं. तेही रोज तिथेच असायचं, वाकलेलं. दोघांची आता मैत्री झाली होती. वाकून उभं राहिलं की रक्त डोक्यात उतरतं आणि कधी कधी विचार सुचतो. अस्वल काटेकरला म्हणालं, "अहो, यात एक बारीकशी चूक आहे. आठवणकरी रावसाहेबांनी मागूच नये. तो खटल्यानं मागावा. खटला संपला की तो मोकळा, नव्या खटल्याला नवा."

"खटल्यानं मागावा?" काटेकर म्हणाला. "खटल्याला तोंड असतं का?"

सगळे पोट धरधरून हसले. अस्वलही थोडं हसलं, कारण न हसणाऱ्याला अंगठे धरावे लागतात अशी त्याची समजूत झाली होती.

थंडी सरत आली. परतीच्या वाटेवर करकोचा पुन्हा उतरला. जंगलानं गाऱ्हाणं घातलं. नाही, हिरोजीचं नव्हे. वाकून वाकून अस्वलाला उसण भरली होती आणि आता ते खाली बसलं होतं, त्यामुळे निकाल कुणावर बजावायचा, अशी पंचाईत झाली होती.

करकोच्यानं डोळे अर्धे मिटले. "जंगल एकदा बंद करा," तो म्हणाला, "आणि पुन्हा चालू करा."

"म्हणजे काय करायचं?"

"सगळ्यांनी बिळात जायचं, डोळे मिटायचे आणि जंगल नाहीच असं धरायचं. मग डोळे उघडायचे. सगळं पहिल्यापासून."

"पण बिघडलंय काय, ते शोधायचं नाही का?" अस्वलानं विचारलं.

"शोधणं आपण बंद केलंय ना," करकोचा म्हणाला.

मग जंगल बंद झालं. पाखरं गप्प झाली, माकडांनीसुद्धा डोळे मिटले. कमठरावांनी मान आणि चारी पाय कवचात ओढून घेतले. आणि जंगलच नाही म्हटल्यावर कायमचा तरी कोण उरतो? कमठरावांचं काम संपलं. नियमाप्रमाणे त्याच क्षणी मामा मोकळा झाला. काटेकरनं डोळे मिटल्या मिटल्या खुंटीवरली गाठ चाचपून सोडली आणि हिरोजीला कोठीत नेऊन मागच्या दारातून बाहेर ढकललं. पायाची गाठ बारीक होती, ती काही त्याला मिटल्या डोळ्यांनी सुटेना. ती तशीच राहिली.

मग जंगल चालू झालं. कमठरावांनी मान बाहेर काढली, डुलत डुलत कोठीच्या पुढच्या दाराशी गेले आणि म्हणाले, "एक आठवणकरी द्या." काटेकरनं एका भारद्वाजाच्या पायाला लाल दोरा बांधला. भारद्वाज बायकोला सांगून आला होता की, जेवायला घरीच आहे.

या वेळी पहिली तक्रार अस्वलाची होती, काटेकरविरुद्ध. भारद्वाजानं ऐकलं आणि सांगितलं, "चूक काटेकरची." त्या दिवसापासून जंगलात काहीही झालं की काटेकर अंगठे धरतो. साळिंदराला ते फार कठीण जातं, पोटाला काटे टोचतात. अस्वल समोर बसून बघतं आणि म्हणतं, "आता कसं, न्यायाचं राज्य आलं." करकोचा केव्हाच उडाला होता.

हिरोजीनं मात्र मागे वळून पाहिलं नाही. तो आधी शेतावर गेला. हरभऱ्याची काढणी होऊन गेली होती. बांधाच्या कडेला एक घाटा राहिला होता, वाळलेला. तो चोचीत धरून तो उंबरावर आला. पायातला लाल दोरा मागे लोंबत होता.

ढोलीच्या तोंडाशी दोन पिल्लं बसली होती. चांगली मोठी झाली होती, पिसं फुटली होती. हिरोजी त्यांच्याकडे बघतच राहिला.  पिल्लांनीही त्याच्याकडे पाहिलं. आधी चोचीकडे, मग पायाकडे.

"आई," थोरलं पिल्लू आत तोंड करून म्हणालं, "आज आजी नाही, मामा आलाय."

धाकट्यानं सवयीनं चोच उघडली. हिरोजीनं घाटा फोडला आणि दाणा तिच्यात घातला. पिल्लानं तो गिळला आणि शिकवल्यासारखं म्हणालं, "बरं झालं आलात. या आता."

तुळसा बाहेर आली. ती वाळली होती. तिनं फोडलेल्या घाट्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "दुपारी येतो म्हणाला होतात."

"काम संपत नव्हतं," हिरोजी म्हणाला.

तुळसानं खाली वाकून त्याच्या पायातला दोरा चोचीत धरला आणि कटकन तोडला. एवढंच. दोरा खालच्या फांदीवर पडला आणि तिथेच अडकून राहिला.

"हा तुटत होता," ती म्हणाली.

"नियमात सोडायचा होता," हिरोजी म्हणाला.

थोरलं पिल्लू त्या दोऱ्याकडे बघत होतं. त्याला मामाबद्दल बरं वाटलं. पिल्लू मनानं चांगलं होतं, बापावर गेलं होतं.

"आई," ते म्हणालं, "मामाचा दोरा सुटला. आता तो त्याच्या घरी जाणार ना?"

तात्पर्य : दोरा तोडता येत असला तरी शहाण्यानं तो तोडू नये, नियमानं सुटेपर्यंत वाट बघावी. घरच्या मुलांना एखादा मामा असलेला बराच असतो.